मोकळ्या जागांचे एंजिन

आरंभीच एक कोडे घालतो. एका तरुणाने आपल्या जुन्या बुलेट मोटारसायकलचे एंजिन स्वतः उघडले. झिजलेला सिलिंडर लेथवाल्याकडून बोअर करून आणला. नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे आणली. सगळे भाग नीट धुतले, पुसले आणि जागच्या जागी बसवले. एकही भाग उरला नाही, एकही नट ढिला राहिला नाही. तिसऱ्या किकला एंजिन चालू झाले. आवाज असा गोड, की शेजारचे लोक पाहायला आले. तरुण गाडी घेऊन गावाबाहेर पडला. आठव्या किलोमीटरला, गाडी चांगली वेगात असताना, एंजिन एकाएकी थांबले. मागचे चाक जागच्या जागी आवळले गेले आणि टायर डांबरावर खरडत गेला. एंजिन पुन्हा उघडले तेव्हा आत काहीही मोडलेले नव्हते. मग कमी काय होते?

उत्तर ऐकून तुम्हाला कदाचित हसू येईल. कमी होती ती रिकामी जागा! पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये जेवढी फट हवी होती, तेवढी नव्हती.

हा तरुण म्हणजे मीच. त्या दिवशी डाव्या हाताची बोटे क्लचवर होती, ती आपोआप दाबली गेली, चाक सुटले आणि मी पडलो नाही. चूक सर्वस्वी माझी होती. सिलिंडर बोअर करणाऱ्याने विचारले होते, “क्लिअरन्स किती ठेवू?” मी ऐटीत सांगितले, “अगदी घट्ट ठेवा. नवे एंजिन आहे.” पुढे ज्या मेस्त्रींच्या हाताखाली मी काम शिकलो, त्यांनी हे ऐकून एकच वाक्य उच्चारले. “पोरा, नवं एंजिन घट्ट नसतं, बरोबर असतं.”

हे ‘बरोबर’ म्हणजे किती? ते कसे मोजायचे? आणि तेवढेच का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात, त्याला एंजिन जुळवता येते. चला तर, आज आपण दोघे मिळून एक एंजिन जुळवू या.

एंजिनाची ओळख

आपण घेऊ ते जुन्या बुलेटचे ३५० सी.सी.चे एंजिन. ही मोटारसायकल मूळची इंग्लंडमधील रेडिच या गावची. १९५५ साली मद्रासजवळ तिची जुळणी सुरू झाली आणि पुढे तिचे सर्व भाग भारतातच होऊ लागले. बिडाचा सिलिंडर असलेले हे जुने एंजिन २०१० च्या सुमारास बनायचे थांबले, तरी रस्त्यावर ते अजून पुष्कळ दिसते. शिकण्यासाठी ते फार सोयीचे. सिलिंडर एकच, भाग मोठे आणि हवेनेच थंड होणारे, त्यामुळे पाण्याच्या नळ्यांचा गुंता नाही.

सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनची वर-खाली धाव ९० मि.मी. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्याला धावेने गुणा. उत्तर सुमारे ३,४६,००० घन मि.मी., म्हणजेच ३४६ घन सेंटिमीटर येईल. ‘३५० सी.सी.’ म्हणतात ते हेच.

एंजिनाचे काम चार धावांत चालते, हे तुम्हाला पुस्तकातून ठाऊक असेल. पहिल्या धावेत पिस्टन खाली जातो आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या धावेत तो वर येऊन मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि तापलेले वायू पिस्टनला खाली ढकलतात. ही तिसरी, खऱ्या कामाची धाव. चौथ्या धावेत जळालेले वायू बाहेर जातात. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. प्रत्येक वेळी एकूण १८० मि.मी. अंतर. म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला ९ मीटर. आणि एवढ्या वेगाने पळणारा हा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला धातूने धातू घासत नाही. मध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी. हा पापुद्रा जागेवर आहे तोवर एंजिन जिवंत आहे.

सर्वांत आधी स्वच्छता

तेलाचा पापुद्रा एवढा पातळ, तर धुळीचा एक कण काय करील याची कल्पना करा. बारीक वाळूचा कण त्या पापुद्र्याच्या कितीतरी पट जाड असतो. तो पिस्टनबरोबर वर-खाली फिरतो आणि कानशीसारखा भिंत खरवडतो. म्हणून एंजिन जुळवण्याचे निम्मे काम पाने हातात घेण्यापूर्वीच होते.

बोअर करून आणलेला सिलिंडर दिसायला चकचकीत असला, तरी त्याच्या भिंतीवर कापलेल्या बिडाची आणि घासणाऱ्या दगडाची अदृश्य भुकटी चिकटलेली असते. ती रॉकेलने पूर्ण निघत नाही. गरम पाणी, साबणाची पूड आणि ब्रश घेऊन सिलिंडर भांड्यासारखा घासा. कोरडा झाल्यावर आतून पांढरे फडके फिरवा. फडके करडे झाले तर पुन्हा घासा. फडके पांढरेच राहिले की लगेच तेलाचा हात फिरवा, कारण धुतलेले बीड काही मिनिटांत गंजू लागते. इतर भाग रॉकेलने किंवा डिझेलने, मोकळ्या हवेत धुवावेत. पेट्रोलने कधीही धुऊ नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते.

दुसरी गोष्ट क्रमाची. एंजिन उघडताना ज्या क्रमाने भाग निघाले, त्याच क्रमाने ते अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये ठेवा आणि वहीत चित्र काढून क्रमांक द्या. आठवणीवर विसंबू नका. आठवण दोन दिवसांत दगा देते, वही देत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे सोबत. पहिल्या वेळी घरातले वडीलधारे, शिक्षक किंवा जाणता मेस्त्री शेजारी असलाच पाहिजे.

पहिली फट: पिस्टन आणि सिलिंडर

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी घट्ट बसला तर बिघडते कुठे? उलट वायू निसटणार नाहीत, असे वाटणे साहजिक आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. जेम्स वॅटने सुधारलेल्या वाफेच्या एंजिनाचे पेटंट १७६९ साली घेतले, पण त्याला हवा तसा गोल सिलिंडर कोणी करून देईना. पिस्टन आणि भिंत यांमधून वाफ निसटत राही. पुढे १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने सिलिंडर आतून कातण्याचे अचूक यंत्र केले, तेव्हा वॅटचे एंजिन खऱ्या अर्थाने चालू लागले. वॅटचा भागीदार बोल्टन याने समाधानाने नमूद केले, की ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात एका जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही. त्या काळी ही थोर अचूकता होती. आपल्या बुलेटमध्ये मात्र नाण्याची जाडी चालणार नाही. इथे हिशेब शतांश मिलिमीटरचा आहे.

हिशेब करून पाहू. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडर बिडाचा. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की पिस्टनचा धातू आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००२० पट वाढतो. बीड सुमारे ०.००००११ पट वाढते. म्हणजे पिस्टन जवळजवळ दुप्पट फुगतो. शिवाय तो भिंतीपेक्षा अधिक तापतो. समजा, पिस्टनचा खालचा भाग १२० अंशांनी तापला आणि सिलिंडर १०० अंशांनी.

पिस्टनची वाढ: ७० × ०.००००२० × १२० = ०.१६८ मि.मी.
सिलिंडरची वाढ: ७० × ०.००००११ × १०० = ०.०७७ मि.मी.
फरक: ०.०९१ मि.मी.

याचा अर्थ असा, की थंड असताना जी फट होती, तिच्यातील सुमारे ९ शतांश मिलिमीटर तापल्यावर नाहीसे होतात. माझ्या एंजिनात मी ‘अगदी घट्ट’ म्हणून ५ शतांशाचीच फट ठेवून घेतली होती. पहिल्या सात किलोमीटरांत एंजिन हळूहळू तापत गेले. आठव्या किलोमीटरला पिस्टन आपल्या भोकापेक्षा मोठा होऊ पाहत होता. तेल पिळून निघाले, धातूला धातू लागला, घर्षणाने आणखी उष्णता, आणखी फुगणे आणि शेवटी पिस्टनने भिंत धरली. मेस्त्री लोक याला ‘पिस्टन पकडला’ असे म्हणतात. शब्द किती नेमका आहे पाहा!

मग फट भरपूर ठेवावी का? तेही नाही. फट जास्त झाली तर पिस्टन प्रत्येक धावेत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो आणि खडखड आवाज येतो. तेल वर चढून जळते, धुराड्यातून निळसर धूर निघतो आणि दाब टिकत नाही.

पिस्टनचा माथा तर पेटलेल्या वायूंच्या समोरच असतो. तो खालच्या भागापेक्षा पुष्कळच अधिक तापतो. म्हणून पिस्टन वरून निमुळता घडवलेला असतो. तो पूर्ण गोलही नसतो, किंचित लंबगोल असतो. तापल्यावर तो हवा तसा गोल होतो. तेव्हा पिस्टन मोजताना मायक्रोमीटर कुठेही लावून चालत नाही. खालच्या बाजूला, पिनेच्या काटकोनात, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागीच मोजावा. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजावा. या दोन मापांतील फरक हीच आपली फट. तिचा आकडा पिस्टनबरोबर येणाऱ्या कागदावर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. तो आपल्या अंदाजाने बदलू नये. माझ्यासारखी ऐट तर मुळीच करू नये.

दुसरी फट: रिंगची दोन टोके

पिस्टनभोवती फट ठेवली, मग वायू निसटत कसे नाहीत? ते काम रिंगांचे. रिंग ही पूर्ण वर्तुळ नसते. ती एका जागी कापलेली, स्प्रिंगसारखी असते आणि बाहेर ताणून भिंतीला टेकते. कापलेल्या दोन टोकांमध्येही फट हवीच.

ती अशी मोजतात. रिंग पिस्टनवर न चढवता नुसती सिलिंडरमध्ये घाला. पिस्टनच्या सपाट माथ्याने तिला थोडे आत ढकला, म्हणजे ती तिरपी राहणार नाही. मग टोकांच्या मध्ये फीलर गेजची पाती एकेक करून घालून पाहा. जे पाते किंचित अडखळत सरकते, त्याची जाडी हीच ती फट.

किती हवी? पुन्हा हिशेब. ७० मि.मी. व्यासाच्या रिंगचा परीघ सुमारे २२० मि.मी. बिडाची रिंग भिंतीपेक्षा ८० अंशांनी अधिक तापली, तर ती २२० × ०.००००११ × ८०, म्हणजे सुमारे ०.१९ मि.मी. अधिक लांबेल. तेवढी जागा नसेल तर टोके एकमेकांना भिडतील आणि रिंग मोडेल किंवा भिंत ओरबाडील. म्हणूनच या मापाच्या एंजिनात ही फट ०.२ मि.मी. पेक्षा थोडी अधिक ठेवण्याचा रिवाज आहे. कमी भरली तर टोके बारीक कानशीने एकाच दिशेने, बाहेरून आत घासतात. जास्त भरली तर मात्र उपाय नाही, रिंग बदलावी लागते. कारण धातू काढता येतो, पुन्हा लावता येत नाही. ही गोष्ट प्रत्येक कारागीर आयुष्यात एकदा तरी पैसे मोजून शिकतो.

रिंगा पिस्टनवर चढवताना त्यांच्यावरील खूण वरच्या बाजूस ठेवा. सगळ्या रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका. तीन रिंगा असतील तर त्या १२० अंशांच्या अंतराने फिरवून ठेवा. वायूला एका फटीतून दुसरीकडे जायला लांबचा फेरा पडला पाहिजे.

तळापासून वर

मोजमाप झाले. आता जुळणी. क्रँक आणि त्याची जड चाके एका सरळ अक्षात आणणे हे यंत्राचे काम आहे, ते वर्कशॉपमधूनच करून घ्यावे. आपण बेअरिंगे बसवू.

अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये पोलादी बेअरिंग घट्ट बसायचे असते, आणि इथे खरोखरच घट्ट! हातोडीने ठोकले तर बेअरिंग तिरपे जाते आणि भोक बिघडते. इथे पदार्थविज्ञान मदतीला येते. समजा भोक ७० मि.मी.चे आहे. क्रँककेस ८० अंशांनी तापवली तर भोक ७० × ०.००००२३ × ८०, म्हणजे सुमारे ०.१३ मि.मी. मोठे होते. तापमान तपासण्यासाठी पाण्याचा थेंब टाकावा. तो चरचरला की पुरे. जाड हातमोजे घालून थंड बेअरिंग वर धरले, की ते टपकन आपल्या जागी उतरते. थंड झाल्यावर क्रँककेस त्याला आपोआप आवळून धरते. ज्या प्रसरणाने माझा पिस्टन पकडला, तेच प्रसरण इथे नोकरासारखे राबते.

क्रँककेसचे दोन अर्ध जोडल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहा. तो अडखळता कामा नये. प्रत्येक टप्प्यावर हे करायचे. चार भाग बसवून मग अडचण शोधण्यापेक्षा प्रत्येक भागानंतर तपासणे किती तरी सोपे.

आता पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडायचा. मधली गजन पिन घट्ट असेल तर पिस्टन उकळत्या पाण्यात बुडवून काढा आणि पुसून कोरडा करा. पिन अंगठ्याने सरकेल. पिनेच्या दोन्ही बाजूंना तारेच्या छोट्या सर्क्लिप बसतात. पिन बाहेर सरकून भिंत खरवडू नये यासाठीच त्या असतात. त्या बसवण्यापूर्वी क्रँककेसच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडके कोंबायला विसरू नका. सर्क्लिप बोटांतून उडते आणि नेमकी त्याच भोकात पडते. मी हे विसरलो होतो. नशिबाने सर्क्लिप पोलादी असल्यामुळे ती दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाने निघाली, पण त्यात एक संपूर्ण संध्याकाळ गेली. जुनी सर्क्लिप पुन्हा वापरू नये, नवी खाचेत पूर्ण बसली आहे हे बोटाने फिरवून पाहावे.

सिलिंडर खाली उतरवणे हे दोघांचे काम. पिस्टनखाली दोन लाकडी पट्ट्या आडव्या ठेवा, म्हणजे तो डुलणार नाही. पिस्टन, रिंगा आणि भिंत यांना भरपूर तेल लावा. एकाने सिलिंडर सरळ धरून हळूहळू खाली आणावा, दुसऱ्याने बोटांनी एकेक रिंग दाबून आत सरकवावी. अडले तर जोर लावू नये. वर घ्यावा आणि पाहावे. रिंग फार ठिसूळ असते, ती मोडल्याचा आवाजही येत नाही.

नट किती आवळायचा?

सिलिंडरवर गॅस्केट आणि त्यावर हेड. आता नट. “हाताला लागेल तेवढा आवळ” असे पुष्कळजण सांगतात, पण हात हे काही मोजण्याचे साधन नव्हे.

मिश्रण जळते तेव्हा समजा आतील दाब वातावरणाच्या ३० पट होतो. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सें.मी. म्हणजे हेडला वर उचलणारे बल अकराशे किलोग्रॅम वजनाहूनही अधिक! स्टड हे एक प्रकारचे स्प्रिंगच असतात. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि तो ताण हेडला दाबून धरतो. ८ मि.मी. जाडीच्या स्टडवरील नट २० न्यूटन-मीटर पिळाने आवळला, तर सुमारे १२,००० न्यूटन, म्हणजे बाराशे किलोग्रॅमच्या आसपास वजनाइतका ताण निर्माण होतो. २० सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोग्रॅम वजनाएवढा जोर लावला, तर तेवढा पीळ पडतो. लांब नळी अडकवून जोर दुप्पट केला, तर स्टड कायमचा लांबतो किंवा तुटतो.

म्हणून टॉर्क रेंच वापरतात. तो लावलेला पीळ मोजून दाखवतो. आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. आणि सगळे नट समोरासमोरच्या क्रमाने, तीन हप्त्यांत आवळावेत. एका बाजूचा नट एकदम पुरा आवळला तर हेड तिरपे बसते आणि दुसऱ्या बाजूने वायू निसटतात.

झडपांचे वेळापत्रक

मिश्रण आत घेणारी एक आणि वायू बाहेर सोडणारी एक, अशा दोन झडपा हेडमध्ये असतात. क्रँकचे दोन फेरे झाले की प्रत्येक झडप एकदाच उघडते, म्हणून कॅमच्या चाकावर क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. या चाकांवर कारखान्यातच खुणा कोरलेल्या असतात. खुणेला खूण जुळली पाहिजे. एक दाता चुकला तरी झडपा वेळेवर उघडत नाहीत, आणि बरेच दाते चुकले तर वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळू शकतो. म्हणून किक मारण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून एंजिन हाताने निदान दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवावे. कुठे टणक अडथळा लागला तर तिथेच थांबा. तो अडथळा म्हणजे एंजिनाने दिलेली सूचना आहे.

कॅम आणि झडप यांच्यामधील लांब दांड्यांना पुशरॉड म्हणतात. जुन्या बुलेटमध्ये त्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. झडप पूर्ण बंद असताना, थंड एंजिनात, दांडी वर-खाली हललेली जाणवू नये, पण दोन बोटांनी सहज गोल फिरली पाहिजे. इतर पुष्कळ एंजिनांत येथे काही शतांश मिलिमीटरची फट ठेवतात. ही फट नसेल तर तापल्यावर झडप पूर्ण बंद होत नाही. झडपेची उष्णता मुख्यतः तिच्या बैठकीतून बाहेर जाते. बैठकीला ती टेकलीच नाही, तर ती लाल होऊन जळते. पाहा, पुन्हा मोकळ्या जागेचाच प्रश्न!

पहिली किक

तेल भरा. पेट्रोलचा कॉक बंद आणि प्लग काढलेला, अशा स्थितीत पुष्कळ वेळा किक मारा, म्हणजे पंप तेल वर चढवील. रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा सांधा ढिला करून तेल तिथवर पोचले का ते पाहा, आणि मगच तो आवळा. मग प्लग, पेट्रोल आणि किक. गाडी उघड्यावर उभी करा. बंद खोलीत एंजिन कधीही चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही.

एंजिन चालू झाले, की काम संपले असे समजू नका. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम ठेवलेल्या सूक्ष्म जाळीदार रेघा असतात. त्या तेल धरून ठेवतात. त्यांच्या टोकदार कडा रिंगांबरोबर घासून हळूहळू सपाट होतात. हे होताना जास्तीची उष्णता निर्माण होते. म्हणून पहिले काहीशे किलोमीटर गाडी सौम्यपणे, वेग कमी-जास्त करत चालवावी, मधूनमधून थंड होऊ द्यावी. पहिले तेल लवकर बदलावे. त्यात धातूची भुकटी चमकताना दिसेल.

माझा पिस्टन पकडलेला सिलिंडर मी पुन्हा बोअर करून घेतला. या वेळी लेथवाल्याने तोच प्रश्न विचारला तेव्हा मी खिशातून कागद काढून आकडा वाचून दाखवला. तो हसला आणि म्हणाला, “आता बरोबर.” ते एंजिन पुढे कित्येक वर्षे चालले. आठव्या किलोमीटरला मात्र माझी बोटे अजूनही क्लचवर जातात.

करून पाहा

१. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज असेल. त्याचे लघुतम माप ०.०१ मि.मी. असते. त्याने आपल्या डोक्याचा केस, वहीचा कागद आणि प्लॅस्टिकची पिशवी मोजा. यांपैकी काय बुलेटच्या पिस्टनच्या फटीत मावेल?

२. वहीची शंभर पाने एकत्र दाबून पट्टीने मोजा आणि शंभराने भागा. उत्तर स्क्रू गेजच्या मापाशी ताडून पाहा.

३. बोअर करताना सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने मोठा केला, म्हणजे व्यास ७०.५ मि.मी. झाला. आता हे एंजिन किती सी.सी.चे झाले? (उत्तर: सुमारे ३५१.)

४. पिस्टनही सिलिंडरसारखाच बिडाचा केला आणि तो वरीलप्रमाणेच १२० अंशांनी तापला, तर फट किती कमी होईल? हिशेब करा. मग असा पिस्टन का वापरत नाहीत, याचा विचार वर्गात करा. सूचना: सेकंदाला शंभर वेळा थांबवून उलट फिरवायचे, तर वस्तू जड असावी की हलकी?